एकदाच सांगणारा माणूस

दुधरामभाऊंना कोणी काही सांगायला गेलं की ते आधी हात वर करायचे. पंगतीत पोट भरलेला माणूस वाढप्याला करतो तसा, पानावर आडवा. "थांब. जमा कर. चार वाजता सांग." मग उघडलेलं तोंड मिटून आपण आपल्या खुर्चीवर परत यायचं. चार वाजता ऑफिसात चहा येई. तोवर ज्याला जे म्हणायचं असेल ते त्यांच्या टेबलावरच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून ठेवायचं. एकाच गोष्टीबद्दल तिघांनी लिहिलं असेल तर ते दोन ओळी खोडत, उरलेल्या एकीवर टिचकी मारत आणि चहा संपेपर्यंत सगळ्यांचा निकाल लावून मोकळे होत. पहिला महिनाभर मला या माणसाचा राग यायचा. मी ज्या घरात वाढले तिथे चार बायका एकच गोष्ट पाच वेळा सांगत आणि पाचव्या वेळेला ती खरी मानली जाई.

आमचं ऑफिस चंद्रपुरात, जटपुरा गेटपासून थोडं आत, बियाण्यांच्या दुकानाच्या वर. आठ माणसं आणि सहा धड खुर्च्या. सॉफ्टवेअरची कंपनी म्हटलं की लोकांना हैदराबादची काचेची इमारत दिसते. आमच्या जिन्यात खताचा वास यायचा. राईस मिलचे वजनकाटे, दवाखान्यातले नंबर दाखवणारे फलक, शाळांची हजेरी असली कामं आम्ही करायचो. दुधरामभाऊ खोब्रागडे बनवणारे आणि मी तपासणारी. म्हणजे त्यांनी बनवलेलं मोडून दाखवायचं, हा माझा पगार.

भाऊंनी पन्नाशी ओलांडली होती. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक बारका स्क्रूड्रायव्हर. त्यांनी अहेरीत पंधरा वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता, आणि स्वतः मात्र दोन बोटांनी टाईप करायचे. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "शिकवत होतो ते दहा बोटाचं. माही सोताची दोनच." प्रोग्रॅमिंग ते एकाच पुस्तकातून शिकले होते आणि त्या पुस्तकाची पहिली तीस पानं उंदरांनी खाल्ली होती. "म्हणून मले सुरुवात येत नाई पोरी, पुढचं सगळं येते." हे ते गंभीरपणे सांगत. नवीन मुलगा कामाला लागला की त्याला कोणीतरी दुसऱ्याने सुरुवात शिकवायची आणि पुढचं भाऊंनी, अशी आमच्याकडे पद्धतच पडली होती.

मला त्यांचं कसब कळलं ते सिंदेवाहीच्या एका राईस मिलमुळे. धानाचा ट्रक काट्यावर चढला की कॉम्प्युटरचा पडदा गोठायचा. बाहेर गाड्यांची रांग, आत मिलवाल्याचा आरडाओरडा. आम्ही दोघं एसटीने गेलो. भाऊंनी मॉनिटरच्या डोक्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि ट्रक चढताना नुसतं बघत बसले. मग मला बोलावलं.

भानगड अशी होती की ट्रक चढला की काटा थरथरतो. जितक्या वेळा थरथरतो तितक्या वेळा कॉम्प्युटरला कळवतो, की वजन बदललं, वजन बदललं. आणि आमचा प्रोग्रॅम इतका आज्ञाधारक, की प्रत्येक वेळी सगळा पडदा पुसून नव्याने रंगवायचा. वजन, गाडीचा नंबर, दिवसभराचा तक्ता, सगळं. एक रंगवून होत नाही तोवर पुढचे पन्नास निरोप दारात उभे.

"हे प्रोग्रॅम नाई, नवी सून होय," भाऊ म्हणाले. "हाक आली का हातातलं टाकून पळते."

मी म्हटलं, "घरी शोभाताईंना सांगून पाहा हे."

बायकोचं नाव निघताच ते तोंड मिटून हसले. हसताना तोंड उघडायचं नाही, अशीही त्यांची एक सवय होती. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

"माहा बाप कोतवाल होता. आज्यानं गावकीचं काम सोडलं होतं. बापानं सरकारी कोतवाली घेतली, पण दवंडी दिली ते पायात चप्पल घालून. आता पाहाय, सकाळी सरपंच सांगे रेशन आलं. दुपारी कोनी सांगे ढोराईचा डॉक्टर येऊन राह्यला. दरवेळेस डफडं घेऊन निघाला असता त लोकाईनं आयकनंच सोडलं असतं. त माहा बाप सगळं पोटात ठेवे. दिवस कलला का चार कोपऱ्यावर एकदाच. आन मधात निरोप बदलला त जुना गिळून टाके, नवा तेवढा सांगे."

त्यांनी प्रोग्रॅममध्ये एक डबा केला. काट्याने कितीही बोंबलावं, ते सगळं डब्यात पडणार. पडदा त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. सेकंदात चार वेळा डबा उघडायचा, त्यातलं शेवटचं वजन काढायचं, बाकीचं फेकून द्यायचं आणि पडदा एकदाच रंगवायचा. "शेवटचं तेवढं खरं," ते म्हणाले. संध्याकाळी मिलवाला विचारत होता, नवीन मशीन बसवली का म्हणून. आम्ही दहा-पंधरा ओळी बदलल्या होत्या. परतीच्या गाडीत मी ती गोष्ट माझ्या वहीत उतरवून घेतली, कारण कॉलेजात तीन वर्षांत मला हे कोणी असं सांगितलं नव्हतं.

हा डबा त्यांनी सगळीकडे नेला. बाबुपेठेतल्या त्यांच्या विहारात दर रविवारी वंदना झाली की सूचनांचा कार्यक्रम व्हायचा. एकजण उठून सांगणार की वर्गणी द्या, दुसरा उठणार, अभ्यासिकेच्या पोरांनी दिवे बंद करत जा, तिसरा परत वर्गणीवर. वंदनेपेक्षा सूचना लांबायच्या. भाऊंनी दाराशी खोक्याचा पुठ्ठा टांगला आणि चिठ्ठ्या टोचायला लावल्या. शेवटी ते उठायचे आणि तीन मिनिटांत सगळं वाचून संपवायचे. म्हाताऱ्या बायका खूश, कारण स्वयंपाकाला वेळेवर घरी जाता येई. दोन-तीन पुढारी मात्र नाराज झाले, कारण त्यांचं उठणंच गेलं. त्यातला एकजण मला म्हणाला होता, "दुधराम माणसाले मशीन समजते." मी तेव्हा भाऊंची बाजू घेऊन भांडले होते. आज भांडले असते की नाही, माहीत नाही.

मग कॅमेऱ्यांचं काम आलं.

जंगलाच्या काठावरची गावं होती. एका संस्थेने गावांभोवती झाडांना साठेक कॅमेरे बांधले होते. समोर काही हललं की कॅमेरा फोटो काढणार, मोबाईलच्या टॉवरवरून पाठवणार आणि तो एका खोलीतल्या पडद्यावर दिसणार. खोलीत बसलेल्या माणसाने फोटो बघायचा. वाघ असेल तर बटण दाबायचं, की त्या गावातल्या खांबावरचा भोंगा वाजणार. पडद्याचं काम आमच्याकडे आलं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यातली एक बाई अजून तिथेच राहते.

सकाळच्या पाळीला वैशाली बसायची. बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आणि त्याच गावांपैकी एका गावची. सायकलने आठ किलोमीटर येई. तिचा पहिल्याच आठवड्यात भाऊंना फोन आला.

"सर, स्क्रीन अटकून राह्यली. एक फोटो पाहत नाई त दुसरा येते. हवा सुटली का नुसतं गवतच गवत. मी काय काय पाहू?"

भाऊ हसले, कारण रोग ओळखीचा होता. साठ कॅमेरे, प्रत्येक गवताचं पातं हललं की एक निरोप, आणि प्रत्येक निरोपाला सगळा नकाशा, सगळी यादी, सगळे फोटो पुन्हा रंगवले जात होते. तो राईस मिलचा काटाच होता. भाऊंनी डबा बसवला. दहा सेकंदांत एका कॅमेऱ्याकडून जे येईल ते एकत्र, आणि पडद्यावर त्यातलं शेवटचं.

तपासलं मी. ऑफिसच्या गच्चीवर एक कॅमेरा बांधला. आमच्या गच्चीवर वानरांचा वावर असतो. त्यांनी दोन दिवस कॅमेऱ्यासमोर जी काही सर्कस केली, त्यात पडदा एकदाही अडकला नाही. मी कागदावर "तपासलं, ठीक" असं लिहून सही केली. मी वेग तपासला होता. एकेक फोटो मोजून बघितला नव्हता. त्या गच्चीवर नेटवर्क भरपूर होतं, त्यामुळे फोटो निघेल तसा पोचायचा. जंगलात तसं नसतं, हे मला माहीत होतं. चंद्रपूर जिल्ह्यात राहणाऱ्या कोणाला माहीत नसतं?

"सर, आता मले पाणी प्यायले वेळ भेटते," वैशालीचा फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर लावून सगळ्यांना ऐकवला.

मोहाचा हंगाम सुरू झाला. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर ढोरं आणि हरणं खाऊन टाकतात. बायका जोडीजोडीने, घोळक्याने जातात, मोठ्याने बोलत वेचतात. वाकलेली बाई जनावराला बाई वाटत नाही, त्याच्यासारखंच चार पायांचं काहीतरी वाटतं, असं जुनी माणसं सांगतात. वैशालीच्या गावची शेवंताबाई अशीच वाकलेली होती. वैशालीची आई कौसाबाई तिच्यापासून वीस पावलांवर, दुसऱ्या झाडाखाली होती. दोघी शेजारणी, एकाच वेळी लग्न होऊन त्या गावात आलेल्या. कौसाबाईंनी दगड मारले, ओरडल्या. काही उपयोग झाला नाही.

भोंगा वाजला नव्हता. ही गोष्ट गावाने दुपारपर्यंत धरली. खोलीत कोण होतं? वैशाली. मग ती झोपली असणार. आधी कोणीतरी एक म्हणालं, संध्याकाळी सगळं गाव म्हणत होतं आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कागदावर ते लिहून आलं, की कर्मचारी गाफील होती, तिला काढून टाकलं आहे. शेवंताबाईचा नवरा देवाजी वैशालीच्या दारात जाऊन थुंकला. कौसाबाई दाराआडून बघत होत्या.

भाऊंनी त्या दिवशी चारची वाट पाहिली नाही. सकाळी आल्याबरोबर साठवलेले फोटो उघडले; डबा फेकायचा तो पडद्यापुरता, साठ्यात सगळं राहायचं. मी मागे उभी होते. त्या कॅमेऱ्याचे आठ फोटो होते. पहिल्यात अर्धवट उजेड, डाव्या कडेला पट्टे, शेपटीचं टोक चौकटीच्या बाहेर गेलेलं. पुढच्या सातांमध्ये गवत. त्या वेळी मोबाईलचा टॉवर झोपलेला होता, नेटवर्कच नव्हतं. जागा झाला तेव्हा त्याने आठही फोटो एकदम हातात दिले. डबा उघडला, शेवटचा फोटो काढला आणि बाकीचे फेकले. वैशालीच्या पडद्यावर गवत आलं. ती जागी होती आणि तिने ते गवत नीट पाहिलं होतं.

भाऊंनी आठही फोटो पुन्हा पहिल्यापासून उघडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वजन बदलते ना पोरी, तवा मागचं वजन मरते. म्हणून शेवटचं खरं. वाघ तसा नाई. वाघ आला म्हणजे आला. मागून गवत हाललं म्हणून तो आला नोता असं थोडी होते."

त्यांनी ते दोन तासांत दुरुस्त केलं. डबा राहू दिला, पण त्यातला एकही फोटो टाकायचा नाही, सगळे ओळीने दाखवायचे. पडदा तेवढाच हलका चालला. दोन तासांचं काम होतं. मी आयुष्यात इतकं निरुपयोगी दोन तासांचं काम पाहिलेलं नाही.

मग ते मालकांच्या खोलीत गेले आणि मला बरोबर नेलं. मालक वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्याने सगळं ऐकलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "दुधराम, अजून चार ठिकाणचं काम मिळणार आहे. हे लिहून दिलं तर कोणी दारात उभं करणार नाही. आठ घरं आहेत. आणि गावच्या लोकांना हे डबा-बिबा समजणार आहे का?"

"समजो नाई त नोको समजो," भाऊ म्हणाले. "पोरगी जागी होती. तेवढं लिहून द्या."

मालक माझ्याकडे वळला. "तू तपासलं होतंस ना?"

"वेग तपासला होता," मी म्हटलं.

"मग तेवढंच म्हण."

मी तेवढंच म्हटलं. संस्थेचे लोक आले तेव्हाही तेवढंच म्हटलं. ते खोटं नव्हतं आणि त्यामुळे मला अजून झोप लागते, असं म्हणवत नाही. भाऊ माझ्याशी एका शब्दाने भांडले नाहीत. त्यांनी स्वतः दोन पानं लिहून संस्थेकडे पाठवली. उत्तर आलं नाही. महिनाअखेर त्यांनी राजीनामा दिला, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला, तो कंपनीचा होता म्हणून.

त्यानंतर ते गावात गेले. एक रविवार बघून मला फोन केला, "येतं का?" मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. बहुतेक न जाण्याची लाज वाटली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं जमली. भाऊंनी आठही फोटो मोठे छापून आणले होते. ते ओट्यावर ओळीने मांडले आणि वर एकेक खडा ठेवला.

"वाघ दिसला होता," ते म्हणाले. "मशीनले दिसला. वैशालीले नाई दिसला."

देवाजी पुढे बसले होते. "मशीनले दिसला त मशीन काऊन नाई बोललं?"

"मी त्याले बोलू नाई दिलं. आठ फोटो एकदम आले. शेवटचा ठेव न् बाकी फेक, असं मीच मशीनले सांगून ठेवलं होतं. पोरीले पडद्यावर हे शेवटचं गवत दिसलं."

"फोटो फेकाले कोनी सांगते का, भाऊ?" एक म्हातारा हसला. "मंग काढाचे कायले?"

भाऊंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काटा, ट्रक, दवंडी, डबा. जे मला सिंदेवाहीत एका बैठकीत कळलं होतं ते त्यांना तिथे कोणाच्या गळी उतरवता येईना. माणसं एकमेकांकडे बघत होती. मागून कोणीतरी विचारलं, "वैशाली कोन लागते तुमची?" दोघंतिघं हसले.

देवाजींनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मग शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमी शिकलेले आहा. पोरीचं नाव वाचवाले आले, आमी समजून राह्यलो. पण माही बाई गेली. मशीनवर आळ नोको घालू. मशीन झोपत नाई."

मी तिथे बसले होते. मी तपासणारी होते, माझी सही होती. उठून एक वाक्य बोलले असते, तर निदान दोन माणसांचं म्हणणं झालं असतं. मी फोटोंवरचे खडे गोळा करत बसले. वाऱ्याने एक फोटो उडाला, तो एका बाईने पायाने दाबून धरला आणि मला दिला.

परतताना वैशाली रस्त्यावर उभी होती. गावाबाहेर, स्टॉपच्या पलीकडे, म्हणजे कोणाला दिसू नये अशी. भाऊंना म्हणाली, "सर, तुमी येत नोको जाऊ."

"पुन्हा एकदा सांगून पाहतो ना मी. देवाजीले एकट्याले..."

"नोको ना सर. तुमी आले का दबलेलं पुन्हा निघते. आता त तुमच्या न् माह्या नावानं बोलून राह्यले. आई रडते." ती स्वतः रडत नव्हती. "मी जागी होती. मले मालूम आहे, तुमाले मालूम आहे. झालं ना."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांच्याकडे तिला द्यायला दुसरं काही नव्हतं. जे होतं तेच ती नको म्हणत होती.

पाऊस संपल्यावर वैशाली तेलंगणात मिरची तोडायला गेली. आमच्याकडून टेम्पो भरभरून बायका जातात, पण तिच्या गावच्या बायकांनी तिला आपल्या टोळीत घेतलं नाही. ती दुसऱ्या गावच्या टोळीबरोबर गेली. कॉम्प्युटरच्या कोर्सचं सर्टिफिकेट तिने कौसाबाईंच्या पेटीत ठेवलं आहे, असं भाऊंनीच मला सांगितलं.

मी भाऊंच्या घरी दोन-तीनदा गेले. आता ते हात वर करत नव्हते. मी काहीबाही बोलत राहायचे, माझंच सारखं सारखं तेच तेच, आणि ते प्रत्येक वेळी मान वर करून पूर्ण ऐकायचे. मला ते बघवत नसे. "थांब, जमा कर" म्हणून त्यांनी मला एकदा तरी हाकलावं असं वाटायचं. शोभाताई चहा देताना हळूच म्हणाल्या, "कुकरची शिट्टी झाली तरी उठून पाहून येतेत. दरवाजा वाजला, पाहून येतेत. रात्रभर मोबाईल छातीवर." पुण्यातला मुलगा दर रविवारी फोन करायचा, तो आता रोज करू लागला होता. ते शोभाताईंच्या सांगण्यावरून.

पुढच्या हंगामात मी कंपनीच्या गाडीने त्या भागात गेले. कॅमेरे बदलायचे होते. त्या गावाच्या शिवारात पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. बांधाशी भाऊंची मोटरसायकल उभी दिसली आणि मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

मोहाच्या पाच-सहा झाडांखाली गावच्या बायका घोळक्याने वेचत होत्या. मोठ्याने बोलत, एकमेकींना हाका मारत. त्यांच्यापासून बरीच लांब, जंगलाच्या अंगाला असलेल्या एका झाडाखाली कौसाबाई एकट्याच होत्या. झोपलेल्या पोरीची आई, तिला जोडीला कोणी घेत नव्हतं. आणि मोह तर वेचायलाच हवा. एकटी बाई कशी सापडते हे त्या गावात कौसाबाईंएवढं कोणी पाहिलेलं नव्हतं.

भाऊ त्यांच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून, हातात काठी घेऊन उभे होते. हंगाम सुरू झाल्यापासून ते रोज चंद्रपूरहून अंधारात निघून येत होते, हे मला नंतर शोभाताईंकडून कळलं. त्यांनी मला पाहिलं नाही. ते ऐकत होते. पाचोळ्यात काही वाजलं की सांगत होते.

"पाखरू."

कौसाबाई वेचत होत्या.

"हवा होय." थोड्या वेळाने, "सरडा." मग, "पाखरूच होय. तेच." मग पुन्हा, "हवा."

मी मोजत नव्हते, पण ते एकही आवाज सोडत नव्हते. त्यांचा घसा बसला होता. डावीकडे काहीतरी खुसपुसलं, ते "पाखरू" म्हणाले; लगेच उजवीकडे खुसपुसलं, ते "पाखरू" म्हणाले. लांबच्या घोळक्यातून एक बाई त्यांची नक्कल करून ओरडली आणि बाकीच्या हसल्या.

कौसाबाईंनी कमरेवर हात ठेवून मान वर केली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"भाऊ, गप राहा ना जरासे. तुमी बोलता त मले काई आयकू येत नाई."

भाऊंनी तोंड मिटलं. काठी या हातातून त्या हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. कौसाबाई थोडा वेळ कान देऊन थांबल्या, आणि मग टोपली पुढे सरकवून पुन्हा वाकल्या.